आमच्याकडे ‘सहज’ या शब्दाला बंदी आहे

मार्गशीर्षातला एक रविवार. साल नक्की सांगत नाही. मोबाइलवर येणारे फोन नुकतेच फुकट झाले होते आणि त्यामुळे लोक विनाकारण फोन करायला लागले होते, ते साल.

हजर: मी. आमचे हे. मुलगी केतकी. नणंद कुंदावन्सं (उशिरा). पाहुणे, गट पहिला. पाहुणे, गट दुसरा. मटार, एक पोतं.

गैरहजर: अक्कल. (कुणाची, ते वाचकांनी ठरवावं.)

त्या दिवसापासून आमच्या घरात ‘सहज’ हा शब्द उच्चारायला बंदी आहे.

मी शब्दकोशात बघितलं. सहज म्हणजे न ठरवता, आपसूक घडणारं. हा कोश लिहिणारे गृहस्थ बहुधा खोली घेऊन एकटे राहत असावेत. संसार करणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की घरात आपसूक काहीही घडत नाही. दूधसुद्धा आपसूक उतू जात नाही, कुणीतरी गॅसजवळ उभं राहून पेपर वाचत असतं म्हणून जातं. सहज म्हणजे काय, ते मी सांगते. ‘सहज फोन केला’ म्हणजे काम आहे. ‘सहज विचारलं’ म्हणजे सगळ्या सोसायटीत विचारून झालंय, शेवटच्या तुम्ही. ‘सहज हात लावला’ म्हणजे वस्तू तुटली. आणि ‘सहज आलो होतो’ म्हणजे जेवूनच जाणार!

मी एका सरकारी कचेरीत भांडार विभाग सांभाळत होते. भांडारात काही सहज होत नाही. एक टाचणीची डबी सहज कमी भरली तर तीन टेबलांवरून खुलासे मागवतात. मला ते फार आवडायचं. घरीही मी तशीच आहे. फ्रीजवर आठवड्याची यादी, कपाटाच्या दारावर महिन्याची, आणि पर्समध्ये ‘याद्यांत राहून गेलेलं’ अशी एक.

आणि देवाने मला नवरा दिला तो असा की, ज्याने नोकरीसुद्धा सहज सोडली! ह्यांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. सकाळी हे डबा घेऊन कामावर गेले आणि संध्याकाळी निवृत्त होऊन परत आले.

“अहो, पण मला विचारायचं तरी!”

“अगं, सगळेच फॉर्म भरत होते. मीही सहज भरला.”

डब्यातली भाजी तशीच होती. निवृत्तीच्या आनंदात कंपनीने जेवण दिलं होतं म्हणे! मी तो डबा घासताना जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कधी चिडले नव्हते. (पुढे त्या रविवारी चिडले. ते सांगायलाच तर बसले आहे.)

तर, केतकी. संगणकाची पदवी, हिंजवडीत नोकरी, पहाटे कंपनीच्या बसने जायची ती अंधार पडल्यावर यायची. लग्नाचं वय झालं होतं. मी स्थळांबाबत अपेक्षांची यादी करून ठेवली होती: मुख्य मुद्दे, उपमुद्दे आणि तळटिपा. केतकीने ती वाचली आणि म्हणाली, “आई, हे टेंडर आहे.”

पाठोपाठ तिने स्वतःची अट सांगितली.

“साडी नेसून ट्रे घेऊन मी येणार नाही. कांदेपोहे नाहीत. ‘गाता येतं का’ नाही. मुलाला भेटेन, पण सहज. दोन माणसं जशी भेटतात तशी.”

“दोन माणसं सहज कशी भेटतील? एक कोथरूडात, एक कुठेतरी पिंपळे अमुकतमुकमध्ये!”

“ते मला माहीत नाही. बघण्याचा कार्यक्रम वाटला तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही.”

आणि ती येणार नाही हे मला ठाऊक होतं, कारण दोन स्थळांना तिने खरोखरच खोलीतून ‘बरं नाहीये’ असं कळवलं होतं. तिसरं स्थळ गेलं असतं तर कुंदावन्सं पुन्हा आमच्यासाठी स्थळ आणणार नव्हत्या. तसं त्यांनी सांगितलंच होतं.

कुंदावन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नं जमवणं हा त्यांचा छंद. त्यांचा फोन आला.

“सुलभा, उत्तम स्थळ आहे. इंगळे. मूळचे अमरावतीचे, आता इकडेच असतात. एकुलता एक मुलगा. हिंजवडीत आहे, हाताखाली वीसेक माणसं, स्वतःची गाडी. आणि गंमत म्हणजे त्या मुलाचीही तीच अट. बघण्याचा कार्यक्रम नको, सहज भेटू.”

“फोटो, पत्रिका?”

“सहज भेटायला पत्रिका लागते का? काही मागू नकोस. रविवारी संध्याकाळी सहज येतील. आणि हे बघ, कोणीही तो विषय काढायचा नाही. स्थळ, लग्न, पसंती, एकही शब्द नको. मुलाच्या आईला मी तसंच बजावलंय.”

“मग बोलायचं काय?”

“सहज काहीतरी बोला. आणि त्यांची भाषा जरा वेगळी वाटेल हं, तिकडची आहेत. तू पुणेरी तोंड करू नकोस.”

म्हणजे बघा! पूर्वी लोकांकडे फोन नव्हते म्हणून ते न सांगता यायचे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि त्या फोनवरून वार, वेळ, भाषा आणि विषय ठरवून ‘सहज’ येणार!

पण मी जबाबदारी टाळणारी बाई नाही. मी सहजची तयारी सुरू केली. पडदे धुतले, पण इस्त्री केली नाही, म्हणजे मुद्दाम धुतले असं वाटणार नाही. पोहे रद्द, पोहे म्हणजे कार्यक्रम. उपमा ठरवला, उपमा कोणीही सहज करतं. टीपॉयवर रविवारचा पेपर अर्धा वाचल्यासारखा पसरायचा. केतकीने जीन्स घालावी (पण धुतलेली). चांगले कप कपाटात, दुसऱ्या नंबरचे बाहेर.

ह्यांची तालीम घ्यावी लागली.

“बेल वाजली की तुम्ही दार उघडायचं आणि म्हणायचं, ‘अरे वा! या या! अचानक कसं काय?’ म्हणा.”

“अरे वा. या या. अचानक कसं काय.”

“अहो, वीजबिल वाचल्यासारखं नको! आश्चर्य वाटू द्या!”

“पण ते येणार हे मला माहीत आहे ना.”

“आणि एवढं म्हणून झालं की गप्प बसायचं. फक्त हसायचं. तुमचं तोंड उघडलं की काहीतरी सहज बाहेर पडतं.”

हे सगळं शनिवारी ठरलं. रविवारी सकाळी मी स्टुलावर उभी राहून पंखे पुसत होते, तेवढ्यात दारात काहीतरी धप्पकन पडलं. बघते तर मटारचं पोतं! आणि त्याच्या मागे घामाघूम हे.

“हे काय?”

“मटार. मार्केट यार्डात गेलो होतो सहज. एवढा स्वस्त!”

“पोतंभर? आपण तीन माणसं!”

“पाव किलो ते देतच नाहीत तिकडे. रिक्षावाले पोतं बघून पळायला लागले. पण एका भल्या माणसाने आपल्या जीपमधून दारापर्यंत सोडलं. फार छान माणूस. मी त्याला म्हटलं—”

“काय म्हटलंत ते नंतर सांगा! आधी हे पोतं न्या माझ्या नजरेसमोरून!”

सहज दिसायला हव्या असलेल्या घरात मटारचं पोतं कुठे ठेवणार? शेवटी केतकीच्या खोलीत, पलंगामागे ढकललं आणि वरून चादर टाकली. चादरीखाली कोणीतरी बसल्यासारखं दिसत होतं. त्याला इलाज नव्हता.

संध्याकाळ झाली. उपमा तयार. पेपर पसरलेला. बेल वाजली. कुंदावन्संनी पाच म्हणून सांगितलं होतं, आणि अजून बराच अवकाश होता. मी मनात म्हटलं, चला, लोक वक्तशीरपेक्षाही बरे दिसतात.

ह्यांनी दार उघडलं आणि मी थक्क झाले. “अरे वा!” हे जवळजवळ ओरडलेच. “या या या! खरंच आलात की!”

‘खरंच आलात की’ हे संहितेत नव्हतं. पण काय ते आश्चर्य! काय तो आनंद! डोळे चमकत होते! लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना अभिनय येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

दारात पांढराशुभ्र लेंगा-सदरा घातलेले एक उंच गृहस्थ, हिरव्या नऊवारीतल्या त्यांच्या सौभाग्यवती आणि मागे एक दणकट, देखणा मुलगा. त्याच्या खांद्यावर एक गोणी.

“घरचा तांदूळ हाय, ताई,” बाई म्हणाल्या. “रिकाम्या हाती कसं यायचं?”

आता, सहज येणारी माणसं गोणीभर तांदूळ घेऊन येतात का? पण मी स्वतःला बजावलं: सुलभा, पुणेरी तोंड करू नकोस. अमरावतीकडे पद्धत असेल. भाषा तर वन्संनी सांगितल्याप्रमाणे वेगळी होतीच. (खरं सांगायचं तर पुण्याबाहेरचं सगळं मराठी आम्हाला एकसारखंच ऐकू येतं. अमरावती काय आणि हिंजवडीपलीकडचं गाव काय, आमच्या दृष्टीने दोन्ही, कोथरूड संपतं त्या चांदणी चौकाच्या पुढेच!)

मी मुलाशी बोलायला सुरुवात केली. सहज.

“तुम्ही हिंजवडीतच ना?”

“व्हय. तितंच.”

“कुठल्या बाजूला?”

गृहस्थ हसले. “बाजू कसली, ताई? आधी त्या काचंच्या बिल्डिंगी हायेत ना, तितं समदं आपलंच व्हतं.”

मला घेरी यायची बाकी राहिली. वन्संनी ‘स्वतःची गाडी’ सांगितलं होतं, इमारती सांगितल्या नव्हत्या!

“आणि हाताखाली माणसं किती?”

“वीस-बावीस,” मुलगा म्हणाला. “पण दोघं-तिघं रोज दांडी मारत्यात. रातच्या पाळीला तर कुणी तयारच व्हत न्हाई.”

रात्रपाळी! म्हणजे अमेरिकेचं काम! मी आत जाऊन उपम्यावर आणखी खोबरं पेरलं. मागोमाग हे स्वयंपाकघरात आले.

“अगं, एक सांगायचं होतं.”

“आत्ता नाही.”

“पण हे लोक—”

“लोक चांगले आहेत. मला पसंत आहेत.”

“मलाही आहेत. पण पाच वाजता—”

“एक शब्द नको! कधी नव्हे ते सगळं छान चाललंय, ते तुम्ही तोंड न उघडल्यामुळे. बाहेर जा आणि हसा!”

हे बाहेर गेले आणि हसत बसले.

पाहुण्यांनी उपमा मनापासून खाल्ला. मीही आग्रह करकरून वाढला. पातेलं खरवडायची वेळ आली तेव्हा मी केतकीला हाक मारली. केतकी खोलीतून बाहेर आली, तिने मुलाकडे बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

“तुम्ही? इथे?”

मुलगा ताडकन उभा राहिला. “म्याडम, तुमचं घर हाय व्हय हे?”

ओळख निघाली! माझ्या मनात सनई वाजायला लागली, तोच केतकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बरं झालं सापडलात. गुरुवारी तुमची बस भर चौकात बंद पडली. आम्ही बायकांनी खाली उतरून धक्का मारला! ती बस आहे की हातगाडी?”

“बंद न्हाई पडली, म्याडम. डिझेल संपलं व्हतं.”

“आणि हे तुम्ही मला अभिमानाने सांगताय?”

“केतकी!” मी दात-ओठ खात, तोंडभर हसून म्हणाले. “पाहुणे आहेत!”

(इथे एखाद्याला वाटेल की बाईच्या डोक्यात आता तरी उजेड पडला असेल. नाही पडला. मला वाटलं, कंपनीने बसचीही जबाबदारी यांच्यावरच टाकली असेल. मोठ्या हुद्द्यावर सगळंच बघावं लागतं.)

तेवढ्यात गृहस्थांनी इकडेतिकडे बघितलं आणि ह्यांना विचारलं, “काय सायेब, पोतं कुठं ठिवलंय? सकाळचं? मटार दाबून ठिऊ नका, तापतंय.”

मी हातातली बशी खाली ठेवली.

“पोतं? तुम्हाला कसं माहीत?”

“आवं, मीच तर सोडलं ना जीपमधनं! सायेब म्हणले, वर या चहाला. गाडीत दुसऱ्याचा माल व्हता, म्हणून म्हणलं, सांजच्याला येतो घरच्यांना घिऊन.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सांगितल्याप्रमाणे हसत होते.

आता पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. पुण्यात ‘या एकदा घरी’ हे आमंत्रण नसतं. तो निरोप असतो. बोलणं संपलं, आता आपण आपापल्या वाटेने जाऊ, असा त्याचा अर्थ. गेली कित्येक वर्षं मी शेकडो लोकांना ‘या ना सहज घरी’ म्हटलं आहे आणि एकही माणूस आलेला नाही. यालाच सुसंस्कृतपणा म्हणतात. पण सोपानराव (हे त्या जीपवाल्या गृहस्थांचं नाव), त्यांच्या सौभाग्यवती आक्का आणि कंपन्यांना बस पुरवणारा त्यांचा मुलगा संतोष ही माणसं ‘या’ म्हटल्यावर येणारी निघाली!

मी ह्यांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“त्यांना बोलावलं कुणी?”

“मी. सहज.”

“आजच्या दिवशी?”

“सकाळी तेच सांगत होतो, तू म्हणालीस नंतर सांगा. मघाशी सांगत होतो, तू म्हणालीस एक शब्द नको. मग तू त्यांना एवढा उपमा वाढलास, तेव्हा मला वाटलं, आपली बायको बदलली!”

त्या क्षणी माझ्या हातात रिकामं पातेलं होतं. ह्यांच्या सुदैवाने बेल वाजली.

दारात कुंदावन्सं. त्यांच्यामागे खरे इंगळे. इंगळेबाईंनी घडीच्या रेघाही न गेलेली कोरी रेशमी साडी नेसली होती (सहज!). इंगळेसाहेबांनी दाढी इतकी घोटून केली होती की दोन ठिकाणी कापलं होतं (सहज!). आणि मुलाने, निखिलने, बूट काढले तर बुटाच्या तळाला किमतीची चिठ्ठी तशीच होती!

“अरे वा,” हे यांत्रिकपणे म्हणाले, वीजबिल वाचल्यासारखे. “या या. अचानक कसं काय.”

इंगळेबाई आत आल्या आणि थबकल्या. समोर सोफ्यावर एक मुलगा, शेजारी त्याचे आईवडील, हातात बश्या. समोरच्या खुर्चीत माझी मुलगी. दाराशी तांदळाची गोणी. हे चित्र बघून महाराष्ट्रातली कुठलीही मुलाची आई जो निष्कर्ष काढेल तो त्यांनी काढला.

“बाप्पा!” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे तर आधीच कोणी आलेले आहेत नं!”

“हे... सहज आलेत,” मी म्हणाले.

“अच्छा. सहज.” त्यांनी तो शब्द चिमटीत धरून बाजूला ठेवला. “आम्ही पण सहजच आलो.”

कुंदावन्संनी मला पॅसेजमध्ये खेचलं. “सुलभा! दोन-दोन स्थळं एका वेळी? क्लास आहे का, बॅचेस पाडायला?”

“वन्सं, ते स्थळ नाही हो! ते मटारवाले आहेत!”

“मग बाहेर जाऊन सांग तसं!”

“कसं सांगू? ‘ते स्थळ नाही’ असं म्हटलं तर ‘तुम्ही स्थळ आहात’ असं होतं! विषय काढायचा नाही हे तुमचंच फर्मान ना?”

वन्संनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा. पण तो आनंद उपभोगायला मला वेळ नव्हता, कारण बाहेर परिस्थिती हाताबाहेर चालली होती. इंगळेसाहेब अर्धा पसरलेला पेपर वाचायचा प्रयत्न करत होते. निखिल आपल्या पायांकडे बघत होता. केतकीच्या कपाळावर ती आठी आली होती, जी आली की पाठोपाठ ‘मला बरं नाहीये’ येतं. आणि उपमा संपला होता! सहज केलेला, मोजून केलेला उपमा, सगळा पहिल्या गटाच्या पोटात!

इंगळेबाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. पर्स मांडीवर घेणं म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको.

“निघतो मग आम्ही. सहजच आलो होतो.”

संपलं, मी मनात म्हटलं. तिसरं स्थळ गेलं. तेही कशामुळे, तर मटारमुळे! मला इतका राग आला, ह्यांचा, वन्संचा, त्या शब्दाचा, शब्द शोधून काढणाऱ्याचा, की डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी पंख्याकडे बघायला लागले. (पंखा स्वच्छ होता. तेवढंच एक काम त्या दिवशी धड झालं होतं.)

तेवढ्यात सोपानरावांनी बशी खाली ठेवली, धोतराला पुसावेत तसे लेंग्याला हात पुसले आणि इंगळेसाहेबांना खणखणीत आवाजात विचारलं, “पावनं, मुलगी बघाया आला काय?”

कुंदावन्संनी भिंत धरली.

“नाही, म्हणजे... आम्ही सहज...” इंगळेसाहेब चाचरले.

“तसं न्हाई, मला वाटलं, समदी कोऱ्या कापडात हायेत म्हणून इचारलं. बघाया आला असाल तर आमी खोळंबा करत न्हाई. आमी आपलं मटारापायी आलोय. ह्यो आमचा संतोष, ह्याचं गेल्या सालीच उरकलंय. सून म्हायेरी हाय, पयलं बाळतपण.”

एवढं सोपं होतं! इतका वेळ आम्ही शिकलेली माणसं जे वाक्य घशात दाबून बसलो होतो, ते त्या माणसाने पानाच्या पिचकारीसारखं टाकून दिलं!

इंगळेबाईंनी पर्स हळूच खाली ठेवली. “लग्न झालंय नं त्यांचं?”

“व्हय की. जेवण बी झक्कास झालं व्हतं,” आक्का म्हणाल्या.

पहिल्यांदा निखिल हसला. मग केतकीकडे वळून म्हणाला, “हो. म्हणजे, खरं तर मी मुलगी बघायलाच आलोय. आई दोन दिवस मला सहज बसायला शिकवतेय. एका बाजूला जरा रेलून.”

“काहून सांगतो रे तू ते!” इंगळेबाई ओरडल्या.

“आमच्याकडे बाबांची तालीम झाली,” केतकी म्हणाली.

माझी मान शरमेने खाली गेली, पण कुणाचं लक्ष नव्हतं. केतकीने बोट दाखवताच आक्का उठून थेट तिच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी चादरीसकट पोतं ओढत दिवाणखान्यात आणलं. “ताई, उपमा आमी संपवलाय, आता मटार सोला. हातासरशी उसळ टाकू. एवढी माणसं हायेत, बसून काय करायची?”

माझ्या धुतलेल्या, इस्त्री न केलेल्या पडद्यांच्या साक्षीने सगळे मटार सोलायला बसले. इंगळेबाई रेशमी साडीत, पदर खोचून! (त्यांचा सोलण्याचा वेग बघून मी मनातल्या मनात एका मुद्द्यासमोर बरोबरची खूण केली.) शेंगा सोफ्याखाली, दाणे पायाखाली. निखिल आणि संतोष बसच्या वेळापत्रकावरून भांडायला लागले, कारण निखिलची गाडीही त्याच मार्गावर रोज या बसमागे अडकायची, आणि केतकी निखिलच्या बाजूने तावातावाने बोलत होती. मग कोथिंबीर नाही असं निघालं. केतकी म्हणाली, मी आणते. निखिल म्हणाला, मी येतो. दोघं गेली ती इतक्या वेळाने आली की उसळ कोथिंबिरीशिवायच खाऊन झाली होती. कोथिंबीर त्यांनी आणलीच नव्हती.

पाहुणे गेल्यावर मी केतकीला विचारलं, “मग?”

“हो.”

“हो म्हणजे काय? पगार विचारलास? घर स्वतःचं की कर्जाचं? अमेरिकेला जाणार आहे का? माझ्या यादीतला एकतरी मुद्दा विचारलास?”

“नाही.”

“मग काय बघून हो म्हणालीस?”

केतकीने जरा विचार केला. आणि ती म्हणाली (त्या क्षणी मी सोलायच्या शेंगांच्या ढिगात बसले होते, आणि माझ्या यादीत तळटिपासुद्धा होत्या, हे ध्यानात घ्या!):

“काही नाही गं. सहज.”

बंदीचा हुकूम मी त्याच रात्री काढला.

लग्न झालं. व्यवस्थित झालं, कारण ते मी ठरवून केलं. वऱ्हाड सोपानरावांच्या बसने गेलं. डिझेल भरलंय की नाही हे केतकीने स्वतः टाकीत काठी घालून बघितलं. कार्यालयाच्या दारात निघताना आक्कांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “ताई, आता तुमी यायचं आमच्याकडं. कवाबी या. सांगून येऊ नका.”

मी म्हटलं, “नक्की.”

माणूस ‘या’ म्हटल्यावर येतो, हे ज्यांनी मला दाखवलं, त्यांच्याकडे न जाणं बरं दिसणार नाही, हे मला कळतं. हे जाऊन येतात. भाजी आणायला म्हणून बाहेर पडतात आणि दुपारी हिंजवडीपलीकडून तांदूळ घेऊन परत येतात. कुठे होतात विचारलं तर बंदी असल्यामुळे नुसते खांदे उडवतात.

माझं मात्र अजून राहिलंय. फ्रीजवरच्या यादीत ‘सोपानराव–आक्का: न सांगता जाणे’ असं दर महिन्याला पुढे ओढते. एकदा रविवार ठरवला होता, तर पाहुणे आले. एकदा शनिवार ठरवला, तर जाताना काय न्यायचं ते ठरेना. परवा ह्यांना स्पष्टच सांगितलं, की या महिन्यात काहीही करून सहज जायचंच. फक्त तुम्ही आधी आक्कांना फोन करून विचारा, आम्ही अचानक कुठल्या दिवशी येऊ?